झाड खरंच दुर्मीळ आहे का? नावापासून नकाशापर्यंतचा क्रम

उष्णकटिबंधातल्या एखाद्या झाडाची दुर्मीळता तपासायची म्हटलं की बहुतेकांचा हात आधी नकाशाकडे जातो. ऑनलाइन नोंदी उतरवायच्या, ठिपके टाकायचे, ठिपक्यांभोवती रेघ ओढायची, आतलं क्षेत्रफळ आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्याच्या श्रेणी ठरवणाऱ्या तक्त्याशी ताडायचं आणि ‘संकटग्रस्त’ असा शिक्का मारून मोकळं व्हायचं. एका दुपारचं काम. ते बहुधा चुकतंही, कारण ठिपक्यामागचं नाव कुणी तपासलेलं नसतं. ठिपका रानातल्या झाडाचा की बागेत लावलेल्या, हे ठाऊक नसतं. आणि जिथे ठिपके नाहीत तिथे कुणी शोधायला गेलं होतं का, हा प्रश्न तर विचारलेलाच नसतो.

खाली दिलेल्या क्रमात नकाशा सातव्या टप्प्यावर येतो. त्याआधीचे सहा टप्पे कंटाळवाणे आहेत, पण चुका तिथेच होतात. म्हणून लेखाचा बराचसा भाग त्यांच्यावरच आहे.

## टप्पा १ : दुर्मीळ म्हणजे कोणत्या अर्थाने, ते आधी ठरवा

वनस्पती-अभ्यासक डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी १९८१ मध्ये मांडलेले तीन प्रश्न आजही पुरेसे आहेत. झाडाचा भौगोलिक पसारा मोठा की लहान? ते अनेक प्रकारच्या अधिवासांत वाढतं की एकाच? जिथे आहे तिथे तरी भरपूर आहे की तुरळक? या तिन्हींच्या उत्तरांतून आठ जोड्या बनतात आणि त्यांतल्या सात कुठल्या ना कुठल्या अर्थाने दुर्मीळच असतात.

हा पुस्तकी खेळ नाही. रानात कसं शोधायचं ते या उत्तरांवर ठरतं. पश्चिम घाटातल्या जायफळाच्या दलदलींत वाढणारं मिरिस्टिका मॅग्निफिका ओढ्याकाठच्या पाणथळ दरीतच सापडतं. त्यासाठी डोंगरउतारावर शंभर प्लॉट (मोजणीसाठी आखलेले तुकडे) टाकले तरी हाती शून्य येणार. तिथे एकेक दलदल शोधून ती पालथी घालावी लागते. मोठ्या पानांची महोगनी मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंत पसरलेली आहे, पण पुष्कळ ठिकाणी विरळ. तिला दलदलीची पद्धत लागू पडत नाही. एकाच डोंगरमाथ्यावर दाटीने उभ्या असलेल्या झाडाची तर सरळ शिरगणतीच करावी.

मूल्यांकन संपूर्ण जगासाठी आहे की एका प्रदेशापुरतं, हेही इथेच लिहून ठेवा. एका राज्यात चारच झाडं असणं आणि जगात चारच झाडं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालांमध्ये त्यांची गल्लत सर्रास होते.

## टप्पा २ : नाव पक्कं करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या वनस्पतींच्या डेटाबेसवर प्रजातीचं सध्या मान्य असलेलं नाव पाहा आणि तिची सगळी जुनी, समानार्थी नावं उतरवून घ्या. शंभर वर्षांपूर्वीचा नमुना आजच्या नावाखाली असेलच असं नाही. फक्त चालू नावाने शोधलं तर निम्मा इतिहास निसटतो आणि झाड आहे त्याहून दुर्मीळ वाटू लागतं.

उलटी चूकही तितकीच मोठी आहे. एकाच नावाखाली दोन-तीन प्रजाती दडलेल्या असतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकेतल्या आल्याच्या कुळातल्या अॅफ्रामोमम या जीनसचे (जवळच्या प्रजातींच्या गटाचे) नमुने तपासले, तेव्हा जीनसची नव्याने पुनर्मांडणी होण्याआधी निम्म्याहून अधिक नमुन्यांवर चुकीचं नाव होतं असं दिसलं. जगभरातल्या उष्णकटिबंधीय नमुन्यांची अवस्था साधारण अशीच असावी, असा त्या अभ्यासकांचा अंदाज होता. म्हणजे डेटाबेसमधलं नाव ही सुरुवात समजायची, पुरावा नव्हे.

यानंतर ‘जुळ्यांची यादी’ करा. तुमच्या झाडाशी गल्लत होऊ शकेल अशा त्याच भागातल्या प्रजाती, आणि प्रत्येकीला वेगळं पाडणारी लक्षणं. ही लक्षणं फुलाफळांचीच असतील तर यादी निरुपयोगी आहे, कारण रानात तुम्हाला दहापैकी नऊ झाडं बिनफुलांचीच भेटणार. पानांची मांडणी, देठाच्या तळाशी असलेली उपपर्णं किंवा त्यांचे वण, शिरांची ठेवण, चुरगळलेल्या पानाचा वास, चिकाचा रंग यांवर भर द्या. जायफळाच्या कुळात खोडातून लालसर रस येतो, गार्सिनियांत बहुधा पिवळा चीक असतो, सॅपोटेसी कुळात पांढरा. एवढ्यावर कूळ तरी पक्कं होतं.

चीक पाहायला खोडावर कोयता मारायची सवय असेल तर ती इथे सोडा. पानाचा देठ मोडला तरी चीक दिसतो. मोजकी झाडं उरलेल्या प्रजातीला प्रत्येक अभ्यासकाने एकेक घाव घालायचा, हे काही बरं नाही.

रोपांचा प्रश्न वेगळा. कित्येक उष्णकटिबंधीय झाडांची कोवळ्या वयातली पानं प्रौढ झाडाच्या पानांशी अजिबात जुळत नाहीत. मॉरिशसच्या तांबलाकोक झाडाची गोष्ट यासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९७७ मध्ये संशोधक स्टॅनली टेंपल यांनी लिहिलं की या प्रजातीची अवघी १३ म्हातारी झाडं उरली आहेत, सगळी तीनशे वर्षांपेक्षा जुनी, आणि तिथला डोडो पक्षी नाहीसा झाल्यापासून नवी रोपं उगवलेलीच नाहीत. पुढे इतरांनी दाखवून दिलं की झाडं काही शे आहेत आणि त्यांत कमी वयाचीही आहेत. कोवळी झाडं जवळच्या दुसऱ्या प्रजातींपासून सहज ओळखू येत नाहीत. शिवाय त्या झाडाला वर्षाचं वलय धरत नसल्याने वयाचे आकडे हे अंदाजच होते. ओळख आणि वय, दोन्हीकडे पाया कच्चा. आणि त्यावर उभी राहिलेली गोष्ट मात्र जगभर फिरली.

तपासा : फुलंफळं नसलेल्या दहा फांद्या, त्यांतल्या काही जुळ्या प्रजातींच्या, चमूतल्या प्रत्येकाने न चुकता ओळखून दाखवल्या पाहिजेत. जमत नसेल तर टप्पा ५ पुढे ढकला.

## टप्पा ३ : जुन्या नोंदी गोळा करा, मग गाळा

हर्बेरियममधले (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले) नमुने, जीबिफ या जागतिक डेटाबेसवरच्या नोंदी, प्रादेशिक फ्लोरा म्हणजे वनस्पतींची वर्णनं देणारी पुस्तकं, वनविभागाच्या कार्य आयोजना, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरचे फोटो, सगळं एकाच तक्त्यात आणा. एका ओळीत एकच नोंद. रकाने असे ठेवा : मूळ लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, गोळा करणाऱ्याचं नाव व क्रमांक, तारीख, उंची, अक्षांश-रेखांश, त्यांतली संभाव्य चूक किलोमीटरमध्ये, ओळख कुणी आणि कधी केली, आणि तुमचा शेरा.

गाळणीला सुरुवात दुहेरी नोंदींपासून करा. वनस्पतीतज्ज्ञ एकाच झाडाच्या चार-पाच फांद्या घेतात आणि वेगवेगळ्या हर्बेरियमना पाठवतात. गोळा करणारा आणि क्रमांक एकच असेल तर पाच शीट म्हणजे एकच नोंद. डेटाबेसमध्ये त्या पाच दिसतात, आणि पाचांचे अक्षांश-रेखांश पाच जणांनी आपापल्या परीने बसवलेले असतात!

मग स्थानाच्या चुका. या ठरावीक असतात :

- शून्य अक्षांश, शून्य रेखांश. झाड आफ्रिकेजवळच्या समुद्रात पोहोचतं.
- अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल, किंवा उणे चिन्ह गळणं.
- देशाचा, जिल्ह्याचा मध्यबिंदू किंवा राजधानीचं शहर. नेमकी जागा माहीत नव्हती म्हणून कुणीतरी मधोमध ठिपका टाकलेला असतो.
- हर्बेरियमच्या इमारतीचंच स्थान.
- मिनिटांचा दशांश करताना झालेली चूक. १५ अंश ३० मिनिटं म्हणजे १५.५ अंश, ते १५.३० असं लिहिलं तर ठिपका सुमारे २२ किलोमीटर सरकतो. ही चूक नकाशावर ‘विचित्र’ दिसत नाही, म्हणून ती सगळ्यात जास्त टिकते.

जुन्या लेबलांवर जे गाव असतं तिथे बरेचदा गोळा करणाऱ्याचा मुक्काम असायचा, झाड नाही. लेबलवर उंची दिली असेल तर ती त्या गावाच्या उंचीशी ताडून पाहा. गाव ६० मीटरवर आणि नमुना ९०० मीटरवरचा असेल, तर झाड जवळच्या डोंगरावरचं. ‘संभाव्य चूक’ या रकान्यात तेवढे किलोमीटर वाढवा. अंदाजाने नवा नेमका ठिपका टाकू नका.

लावलेली झाडं बाजूला काढा. महोगनीच्या नोंदी नुसत्या उतरवल्या तर ती फिजी आणि दक्षिण आशियातही ‘आढळते’. ती तिथे लावलेली आहे. नैसर्गिक आढळक्षेत्राबाहेरची लागवड मूल्यांकनात धरत नाहीत. बोटॅनिकल गार्डन, रस्त्याकडेचे वृक्ष, रोपवाटिका, मंदिराचं आवार असे शब्द लेबलवर दिसले की थांबा.

हे सगळं इतकं ताणून का सांगतोय, ते एका हिशेबाने कळेल. समजा, ४० किलोमीटर लांबीच्या डोंगररांगेच्या दोन टोकांना एकेक नोंद आहे आणि तिसरी रांगेपासून ४ किलोमीटर बाजूला. या त्रिकोणाचं क्षेत्रफळ ८० चौरस किलोमीटर, म्हणजे अतिसंकटग्रस्त ठरण्याच्या १०० चौरस किलोमीटरच्या मर्यादेत. आता रांगेपासून काटकोनात ३०० किलोमीटर दूरच्या शहरातल्या बागेचा एक ठिपका गाळायचा राहून गेला, तर क्षेत्र सुमारे ६,००० होतं. संकटग्रस्तची ५,००० ची मर्यादाही ओलांडली. एका ठिपक्याने दोन पायऱ्या, अतिसंकटग्रस्तवरून थेट असुरक्षितवर.

सावधान : संशयित नोंद खोडू नका. ‘वगळली’ असा शेरा आणि कारण लिहा. जंगल तुटलेल्या जागेची जुनी नोंदही खोडायची नाही, ‘ऐतिहासिक’ म्हणून ठेवायची. घट किती झाली हे पुढे तीच सांगणार आहे.

## टप्पा ४ : कुठे आणि कधी शोधायचं

गाळलेल्या नोंदींवरून झाडाच्या आवडीनिवडींचा तक्ता करा : उंची, पाऊस, माती किंवा खडक, पाण्यापासूनचं अंतर, जंगलाचा प्रकार. मग शोधाच्या जागा तीन गटांत विभागा. पहिला, जिथे नोंद आहे. दुसरा, नोंद नाही पण अधिवास तसाच आहे. तिसरा, झाड नसावं असं वाटणारी काही ठिकाणं. तिसरा गट सगळे गाळतात, कारण तिथे जाणं म्हणजे दिवस फुकट घालवणं वाटतं. मात्र आवडीनिवडींचा तक्ता मुळात जुन्या नोंदींवरून बनला आहे, आणि जुन्या नोंदी रस्त्यांच्या, बंगल्यांच्या आणि पायवाटांच्या आसपास गोळा झालेल्या आहेत. तिसरा गट नसेल तर तुम्ही तोच रस्ता पुन्हा चालून येता.

संगणकावर अधिवासाचं प्रारूप बनवायचं असेल तर जरूर बनवा. पण आठ-दहा नोंदींवर मॅक्सएंट हे प्रारूपाचं सॉफ्टवेअर चालवून आलेला रंगीत नकाशा ‘झाड इथे आहे’ असं सांगत नाही. ‘इथे शोधून बघा’ एवढंच सांगतो.

ऋतू निवडताना फुलाफळांचा काळ पकडा. आग्नेय आशियातल्या डिप्टेरोकार्प झाडांसारखा प्रकार असेल, जिथे काही वर्षांच्या अनियमित अंतराने सगळं रान एकदम फुलतं, तर फुलांची वाट पाहण्यात अर्थ नाही. पानांवरून ओळखण्याची तयारी हवी.

परवानग्या आधी घ्या. नमुने गोळा करण्याची परवानगी रानात शिरण्याच्या परवानगीहून वेगळी असू शकते. स्थानिक जाणकारांना विचारताना फक्त नाव घेऊन विचारू नका. एका स्थानिक नावात दोन-तीन प्रजाती मावतात. वाळवलेली फांदी किंवा चांगले फोटो दाखवा आणि झाडाचा उपयोग काय, पूर्वी कुठे होतं, शेवटचं कधी पाहिलं, हे विचारा. ‘पूर्वी होतं’ असं जिथे कळेल ती जागाही यादीत घ्या.

## टप्पा ५ : रानातली मोजणी

जीपीएसचा माग पहिल्या पावलापासून चालू ठेवा. किती माणसं, किती तास, कुठल्या वाटेने, डावी-उजवीकडे किती मीटरपर्यंत पाहिलं, हे रोज लिहा. दोन्ही बाजूंना ५-५ मीटर पाहत १ किलोमीटर चाललात की १ हेक्टर झालं. हा हिशेब नसेल तर ‘आम्हाला सातच झाडं दिसली’ या वाक्याला काही किंमत नाही. सात झाडं २ हेक्टरांत की २०० हेक्टरांत?

झाड न सापडलेली जागा ही पण नोंद आहे. तिचा अर्थ किती घ्यायचा, यासाठी एक सोपा ठोकताळा : यदृच्छ (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या) निवडलेल्या सगळ्या प्लॉटमध्ये शून्य आलं, तर ३ ला प्लॉटच्या संख्येने भागा. ३० प्लॉट रिकामे निघाले तरी त्या भागातल्या १० टक्क्यांपर्यंत प्लॉटमध्ये झाड असू शकतं, असं ९५ टक्के विश्वासाने म्हणता येतं. ३०० रिकामे निघाले तर ही मर्यादा १ टक्क्यावर येते. तीस प्लॉट पाहून ‘या जंगलातून नामशेष’ लिहिणाऱ्यांनी हा भागाकार करून पाहावा.

एक झाड सापडलं की लगेच पुढे जाऊ नका. उष्णकटिबंधीय झाडं बरेचदा गटाने असतात. बी जड असेल तर हमखास. सापडलेल्या झाडाभोवती शोध वाढवा, नवं सापडलं तर त्याभोवती, असं करत रिकामा पट्टा लागेपर्यंत जा. फक्त ही वाढीव मोजणी मूळ प्लॉटच्या मोजणीत मिसळू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा. नाहीतर सरासरी फुगते.

प्रत्येक झाडाची नोंद घेताना :

- घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजा. उतारावर वरच्या बाजूने उंची धरा. बुंध्याला फळ्यांसारखी आधारमुळं असतील तर ती संपतात त्याच्या अर्धा मीटर वर मोजा आणि किती उंचीवर मोजलं ते लिहा. रकान्याच्या डोक्यावर ‘घेर’ की ‘व्यास’ हे स्पष्ट हवं. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास येतो, आणि चमूतले अर्धे लोक एक लिहितात, अर्धे दुसरं.
- फूल, फळ, कळी, किंवा काहीच नाही. नर-मादी झाडं वेगळी असणाऱ्या प्रजातीत लिंगही.
- खोडं किती. तोडलेल्या बुंध्यातून फुटलेले पाच धुमारे म्हणजे पाच झाडं नव्हेत.
- आजूबाजूची रोपं, निदान दोन गटांत : गुडघ्याखालची आणि त्याहून उंच, पण अजून खोड न धरलेली.
- दिसलेली इजा जशी दिसली तशी. ‘खोडाची साल एका बाजूने सोललेली’ असं लिहा. ‘औषधासाठी साल काढली’ हा निष्कर्ष झाला. त्याला पुरावा लागतो.
- स्थान. घनदाट छत्राखाली जीपीएस दहा-वीस मीटर सहज चुकतं. जवळजवळची दोन झाडं पुढच्या वर्षी एकच वाटू नयेत म्हणून बुंध्याचा फोटो आणि खुणेच्या खडकापासूनचं अंतर द्या.

सावधान : ५ हेक्टरांत ३ झाडं सापडली, जंगल ५,००० हेक्टर, म्हणून ३,००० झाडं, असा गुणाकार करू नका. प्लॉट यदृच्छ निवडलेले असतील, अधिवास सगळीकडे सारखा असेल, तरच त्याचा विचार करायचा, आणि तेव्हाही एक आकडा न देता किमान-कमाल मर्यादा द्यायची. झाड आहे हे माहीत होतं म्हणून जिथे प्लॉट टाकला, तिथल्या घनतेने गुणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

## टप्पा ६ : प्रौढ झाडं किती?

आययूसीएनचे निकष एकूण झाडं मोजत नाहीत, पुनरुत्पादन करू शकणारी प्रौढ झाडं मोजतात. फळ धरलेल्या सगळ्यात लहान झाडांचा घेर पाहून एक उंबरठा ठरवा आणि त्यावरची झाडं प्रौढ धरा. रोपं हजारोंनी असली तरी या आकड्यात त्यांना जागा नाही.

इथून आकडा खालीच सरकतो. नर-मादी वेगळे असलेल्या प्रजातीत एखाद्या तुकड्यात सगळीच नर झाडं उरली असतील, किंवा जोडीदारापासून इतकी लांब की परागीभवन होणारच नाही, तर ती झाडं धरू नयेत. सेशेल्सच्या माहे बेटावरचं मेडुसागाइनी हे झाड १९७० मध्ये पुन्हा सापडेपर्यंत नामशेष मानलं जात होतं. त्याला फुलं येतात, बी धरतं, पण रानात रोपं जवळपास दिसतच नाहीत. अशा ठिकाणी नुसती मोजदाद फसवी असते. सोबत पुनरुत्पत्तीचा रकाना हवाच.

घेरांचे गट पाडून एक आलेख काढा. लहान झाडं पुष्कळ आणि मोठी कमी होत गेलेली, हे चित्र बहुधा निरोगी. मधले गट रिकामे असतील तर काहीतरी अडलंय : चराई, आग, सावली, तोड. मात्र उजेड लागणारी काही झाडं रानात मोकळी जागा पडली तरच वाढतात. त्यांच्यात असे खळगे नैसर्गिक असतात. घाईने ‘पुनरुत्पत्ती थांबली’ लिहू नका.

## टप्पा ७ : आता नकाशा

दोन आकडे काढायचे आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत.

आढळाचा विस्तार, म्हणजे ईओओ : सगळ्या ठिपक्यांना सामावणारी, आत कुठेही न वळणारी सगळ्यात लहान बहुभुजाकृती. तिच्या आत शहर, शेती किंवा समुद्र आला म्हणून तो भाग कापून टाकू नका. हा आकडा अधिवास किती आहे हे सांगण्यासाठी नाहीच. धोका किती जागेवर विखुरला गेला आहे, ते तो दाखवतो.

प्रत्यक्ष व्यापलेलं क्षेत्र, म्हणजे एओओ : २ किलोमीटर बाय २ किलोमीटरची चौकट टाका आणि ज्या घरांत झाड आहे ती मोजा. एक घर ४ चौरस किलोमीटर. बारा नोंदी पाच घरांत असतील तर एओओ २०. चौकट जरा सरकवली की घरं बदलतात, म्हणून ती वेगवेगळी सरकवून किमान संख्या घ्या. बारीक चौकट टाकून आकडा ‘अचूक’ करायचा मोह टाळा. मर्यादा याच मापासाठी ठरवलेल्या आहेत.

लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाचं जिओकॅट हे मोफत साधन दोन्ही आकडे काढून देतं. ईओओ हा एओओपेक्षा लहान आला, तर तो एओओइतका धरायचा.

मर्यादा अशा : अतिसंकटग्रस्त ठरण्यासाठी ईओओ १०० पेक्षा कमी किंवा एओओ १० पेक्षा कमी; संकटग्रस्तसाठी ५,००० किंवा ५००; असुरक्षितसाठी २०,००० किंवा २,०००. सगळे आकडे चौरस किलोमीटरमध्ये.

सावधान : नुसतं क्षेत्र लहान असून भागत नाही. सोबत तीनपैकी दोन अटी लागतात : तुकडे-तुकडे झालेली लोकसंख्या किंवा मोजकी लोकेशन्स (या शब्दाचा अर्थ टप्पा ८ मध्ये), चालू असलेली घट, आणि टोकाचे चढउतार. तिसरी अट दीर्घायुषी झाडांना क्वचितच लागू होते, म्हणजे व्यवहारात पहिल्या दोन्ही सिद्ध कराव्या लागतात. एका बेटावर सुखाने उभं असलेलं, कसलाही धोका नसलेलं झाड केवळ बेट लहान म्हणून संकटग्रस्त होत नाही.

## टप्पा ८ : घट, धोका आणि पिढी

‘लोकेशन’ हा इथे धोक्याच्या हिशेबातला शब्द आहे. एकच घटना जिथल्या सगळ्या झाडांना लवकरच झोडपू शकते, तेवढा भाग म्हणजे एक लोकेशन. एकाच धरणाखाली बुडणाऱ्या चार दऱ्या हे एक लोकेशन; चार नव्हे. धोका कोणता ते ठरवल्याशिवाय लोकेशन्स मोजता येत नाहीत. गावांची नावं मोजून आलेला आकडा इथे चालत नाही.

घट दाखवायला उपग्रहाचे वनआच्छादन नकाशे वापरताना डोळे उघडे ठेवा. रबर, तेलताड, अकेशिया यांची लागवड कित्येक नकाशांत जंगलासारखीच हिरवी दिसते. निदान काही ठिकाणं प्रत्यक्ष किंवा स्पष्ट प्रतिमांवर पडताळा.

घट मोजायचा काळ १० वर्षं किंवा तीन पिढ्या, यांतला जो मोठा तो. पिढी म्हणजे सध्याच्या नव्या रोपांच्या जनक झाडांचं सरासरी वय. पहिलं फळ कधी धरतं ते वर्ष नव्हे. पिढी ३० वर्षांची धरली तर ९० वर्षांतली घट पाहायची. म्हणूनच टप्पा ३ मधल्या ऐतिहासिक नोंदी जपायच्या होत्या. महोगनीसारख्या, दूरवर पसरलेल्या पण लाकडासाठी बेसुमार तोडल्या गेलेल्या झाडाचं संकट टप्पा ७ च्या नकाशावर दिसतच नाही. ते इथे दिसतं.

## टप्पा ९ : निकष लावा

आययूसीएनचे पाचही निकष लावून पाहा. पुढचे आकडे अनुक्रमे अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त आणि असुरक्षित या श्रेणींचे आहेत. सोयीचा एक उचलू नका. ‘ए’ घटीसाठी : कारणं थांबलेली नसतील तर ८०, ५० आणि ३० टक्के या पायऱ्या. ‘बी’ क्षेत्रासाठी, वर आलाच. ‘सी’ कमी संख्या आणि सोबत घट : २५०, २,५०० आणि १०,००० पेक्षा कमी प्रौढ झाडं. ‘डी’ अगदीच कमी संख्या : ५०, २५० आणि १,००० पेक्षा कमी. ‘ई’ संख्याशास्त्रीय प्रारूपांसाठी. झाडांच्या बाबतीत तेवढी माहिती सहसा नसते, सोडून द्या. ज्या निकषाने सगळ्यात वरची श्रेणी मिळते ती अंतिम, आणि त्या श्रेणीला पोहोचवणारे सगळे निकष लिहायचे.

किमान, संभाव्य आणि कमाल असे तीन आकडे घेऊन हिशेब तीनदा करा. तिन्ही वेळा तीच श्रेणी आली तर निर्धास्त. अतिसंकटग्रस्तपासून धोका नसलेल्या श्रेणीपर्यंत काहीही येत असेल, तर ‘अपुरी माहिती’ ही प्रामाणिक श्रेणी आहे. रानात न गेल्याची सबब म्हणून मात्र ती वापरू नये.

## टप्पा १० : काय छापायचं, काय झाकायचं

अगरवूड किंवा रक्तचंदनासारखं बाजारात किंमत असलेलं झाड असेल तर नेमके अक्षांश-रेखांश छापणं म्हणजे तोडणाऱ्याला पत्ता देणं. जाहीर अहवालात मोठ्या चौकटीची घरं दाखवा. पूर्ण तक्ता हर्बेरियम आणि संबंधित वनविभागाकडे द्या. आयनॅचरलिस्टवर टाकलेल्या तुमच्याच फोटोंचं स्थान झाकलंय का, हे विसरलं जातं. चमूतल्या प्रत्येकाचा फोन तपासा.

अहवालात शोधाचे तास, चाललेले पट्टे आणि रिकामे निघालेले प्लॉट यांचा तक्ता असलाच पाहिजे. वगळलेल्या नोंदींची कारणांसह यादीही हवी. दहा वर्षांहून जुनं मूल्यांकन आययूसीएन कालबाह्य मानते. त्यामुळे पुढच्या माणसाला तेच पट्टे पुन्हा चालता येतील अशा बेताने मागाच्या फाइली, बुंध्यांचे फोटो आणि घेर कुठल्या उंचीवर मोजला त्याच्या नोंदी एकत्र बांधून ठेवा.